बाहेरून लावलेली खिडकी

बोटीवर असताना मला स्वप्नात चौकोनी खिडक्या दिसायच्या, आणि सुटीवर घरी आलो की गोल. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी कुठल्याही जुन्या खलाशाला विचारा. केळशीचा असो नाहीतर केरळचा, समुद्रावर असलेला माणूस स्वप्नात घराची खिडकी बघतो. दार नाही बघत. दार दिसलं की आत जावंसं वाटतं, आणि मग जाग आल्यावर दिवसभर कामात लक्ष लागत नाही. खिडकीतून नुसतं बघायचं असतं. बायको सुरण चिरतेय, मुलगी वहीत रेघोट्या ओढतेय, माझ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, पण सगळं जागच्या जागी आहे. तेवढ्यावर मी एकेक सफर काढली आहे. घरी आल्यावर मात्र उलटं व्हायचं. केबिनची गोल खिडकी दिसायची, तिच्या काचेवर मीठ साचलेलं असायचं आणि मी झोपेतच ते पुसायला हात चालवायचो. त्या हाताचे फटके बायकोने पुष्कळ खाल्ले आहेत.

नोकरीला लागलो तेव्हा मी साधा खलाशी होतो, उतरलो तेव्हा सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली लोक नुसतं ‘बोटीवर होते’ म्हणतात आणि सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. आमचं मूळ घर पूर्णगडचं. बाप, चुलते, आजोबा सगळे समुद्रावर, कोणी मचव्यावर तर कोणी मोठ्या बोटीवर. मी मात्र रत्नागिरीत नाचणे गावाच्या अंगाला घर बांधलं. गवंडी, सुतार आणि बायको अशा सगळ्यांशी भांडून त्याला फणसाच्या लाकडाच्या, बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या लावल्या. सरकत्या काचांच्या खिडकीला मी खिडकी मानत नाही. सुतार म्हणाला होता, आता असलं काम कोणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच कर.

आमच्या घराण्यात स्वप्नांची चेष्टा केलेली चालत नाही, आणि त्याला कारण आहे. बापाच्या काळात बोटीवर गेलेल्या माणसाचं पत्र यायलाच महिने जायचे. तोवर घरच्या बायकांना बातमी कुठून मिळणार? स्वप्नातून. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे त्यांनाही कळत होतं, त्या खुळ्या नव्हत्या. पण मनात जे वसलंय ते तरी खरं कळावं, म्हणून त्या स्वप्न नीट सांगायच्या आणि नीट ऐकायच्या. या कामात माझ्या आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती लग्न होऊन राजापूर तालुक्याच्या पार दक्षिण टोकाला गेली, खाडी ओलांडली की पलीकडे देवगड. तिथेही तिची कीर्ती पसरली. आजही गावातल्या बायका सकाळी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसतात.

आत्याचे नियम कडक. स्वप्न चूळ भरून सांगायचं, पण चहा घ्यायच्या आधी. सांगताना ‘बहुतेक’ म्हणायचं नाही, आठवत नसेल तर गप्प बसायचं. एकदा तिला सांगितलेलं स्वप्न दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं नाही. दात पडला, लग्न लागलं, साप अंगावरून गेला, विहिरीचं पाणी वर आलं, सगळ्याची उकल तिच्याकडे तयार. मी स्वतः अर्धवट मानतो. म्हणजे चांगलं सांगितलं की मानतो.

आता मुलीबद्दल. इथे मी बढाई मारतोय असं वाटेल. मारतोयच. माझी एकुलती एक मुलगी डेक कॅडेट म्हणून निवडली गेली. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅडेट म्हणजे उद्याचा अधिकारी. बोटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ब्रिज असतो, तिथून बोट चालवतात. त्या ब्रिजच्या काचा मी आयुष्यभर बाहेरून धुतल्या, वारा तोंडावर घेत, दोरीला लटकून. आत कोरड्या कपड्यांत अधिकारी उभा असायचा आणि बोटाने खूण करून सांगायचा की इकडे डाग राहिला. माझी मुलगी आता त्या काचेच्या आतून समुद्र बघणार होती. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात नारळ सोलत होतो. सोलायचं सुळं तसंच रोवलेलं ठेवून मी शेजाऱ्यांच्या घरी गेलो, मग त्यांच्या शेजाऱ्यांच्या. परत आलो तेव्हा बायको म्हणाली, “झाली का दवंडी पिटून?”

तिला हे नको होतं. मुलीला दापोलीला शेतकीच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता आणि बायकोच्या मते देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं. “दापोलीला एसटीने सकाळी निघालं की दुपारी पोचतं,” ती म्हणायची, “तुमच्या बोटीला कुठली एसटी जाते?” तिने लग्न झाल्यापासून खिडकीशी उभं राहून माझी वाट बघितलेली. आता पुन्हा तेच, आणि या वेळी पोटच्या पोरीसाठी. तरी मुलीने तिला हळूहळू वळवत आणलं होतं. गणपती येऊन गेले तोवर ती निदान ‘नाही’ म्हणायची थांबली होती. मुलीने एक मात्र स्पष्ट सांगितलेलं, “आईने होय म्हटलं तर जाईन. तिला रडत ठेवून मी बोटीवर चढणार नाही.” आमच्या घरात हट्ट मुबलक आहे, त्यामुळे हे बोलणं मी खरंच मानलं.

आणि मग ते स्वप्न पडलं. सकाळी मुलगी मोरीतून तोंड धुऊन आली आणि सहज बोलून गेली, “मला काय विचित्र दिसलं. मी आपल्या घराच्या बाहेर उभी होते आणि ही खिडकी उघडी होती. मी ती बाहेरून लावून घेतली.” स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीची खिडकी तिने हाताने दाखवली. बायकोच्या हातातला चहाचा चमचा तसाच राहिला.

मी म्हटलं, बरं झालं, खिडकी लावायची सवय लागली. कोणी हसलं नाही. मुलीने मोबाईल काढला आणि स्वप्नात खिडकी दिसण्याचे अर्थ वाचून दाखवायला लागली. उघडी खिडकी म्हणजे नवीन संधी. बंद खिडकी म्हणजे हुकलेली संधी. फुटकी काच म्हणजे मनाला लागलेला घाव. मला तर ते रेशनच्या दुकानाबाहेरचे भावच वाटले. बाहेरून आपल्या हाताने लावलेल्या खिडकीचा अर्थ त्यात नव्हता. बायकोने तो मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि सरळ आत्याला फोन लावला.

आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. बायको मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, “आत्याबाई, हिच्या स्वप्नात खिडकी आली. उघडी होती. हिने ती बाहेरून लावली.”

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. त्यांना हाकलत आत्या म्हणाली, “खिडकी? भायरसून लावली? आणि भायरच रवली?”

“हो.”

“अगो बाय माझे. मगे घर बंद पडला म्हण. धाडू नको गो तिका खंय. आयकलंस? धाडू नको.”

संपलं. इतके दिवस जोडत आणलेलं सगळं एका फोनने मोडलं. संध्याकाळी दिवा लावताना बायको म्हणाली, “दापोलीला अजून जागा आहे.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आत्या झाली म्हणून काय झालं? ज्या घरात बापाने, चुलत्यांनी आणि मी समुद्रावर आयुष्य घातलं, त्या घरातल्या पहिल्या अधिकाऱ्याला ही फोनवरून घरी बसवते? आणि घर बंद कशाने पडेल? कुलपं घालून मुंबईला गेलेल्या लोकांची घरं बंद पडतात. आमच्या बाप-चुलत्यांपैकी कोणाचं घर बंद पडलं नव्हतं. मी जाहीर केलं की उद्या आपण तिघंही आत्याकडे जाणार आणि जे काय आहे ते समोरासमोर होईल. बायको म्हणाली, “तुम्ही भांडायला चाललात.” मी म्हटलं, “होय.”

एसटीने राजापूर, तिथून दुसरी गाडी. आत्या खळ्यात बसून झावळांच्या पातींतून हीर काढत होती, केरसुणीसाठी. आम्हांला बघून तिला इतका आनंद झाला की माझं भांडण तिथेच निम्मं झालं. तिने जेवायला घातलं, तारली माशांची कढी आणि भात, आणि जेवताना विषय काढू दिला नाही. हात धुतल्यावर मात्र मी म्हटलं, “आते, माझ्या मुलीला तू का अडवलंस?”

“मी अडवूक नाय रे झिला,” ती म्हणाली, “सपनान अडवल्यान.” मग उठली आणि मुलीचा हात धरला. “ये, माझ्या वांगडा ये. तुका दाखवतंय.”

ती तिला स्वयंपाकघरातून मागच्या अंगाला घेऊन गेली, आम्ही दोघं मागोमाग. तिथे भिंतीत एक बुटका दरवाजा होता, वाकून बाहेर पडावं लागेल असा, बाहेर पडलं की विहीर. त्याला बाहेरच्या बाजूने साखळी.

“ही बघ,” आत्या त्या दरवाजावर हात ठेवून म्हणाली. “माझी जाव, दिराची बायल, मुंबयक जावक निघाली, तेव्हा तिना पुढच्या दाराक आतसून अडसर घातल्यान आणि अशीच खिडकी भायरसून लावन कुलूप घातल्यान. म्हणाली, मे म्हयन्यात येतंव. इली? ता बघ तिचा घर.” विहिरीपलीकडे एका घराचं छप्पर बसलेलं दिसत होतं, भिंतीतून पिंपळ वर आलेला. “पुढचा दार भायरसून लावक येणा नाय. जो कायमचो जाता, तो खिडकी भायरसून लावन जाता. म्हणान सांगतंय.”

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मुलगी मात्र कपाळाला आठ्या घालून त्या दरवाजाकडे बघत होती.

“पण आत्याआजी, हे तर दार आहे.”

“दार पुढचा गो. ही खिडकी.”

“मग ती?” मुलीने चुलीच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे गज लावलेली, लहानशी, धुराने काळी झालेली चौकट होती, दुपारचं ऊन आत येत होतं.

“ती? ती जनेल.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी इतक्या जोराने हसलो की विहिरीवरचा कावळा उडाला. आत्याला जे लग्नाच्या गावाने शिकवलं होतं त्यात भिंतीतल्या चौकटीला म्हणतात जनेल, आणि खिडकी म्हणजे मागचं छोटं दार. जनेल हा शब्द मला ठाऊक होता. पोर्तुगीज बोलणाऱ्या एका बंदरात हॉटेलवाली बाई ‘जनेला, जनेला’ करून मला वारा येईल अशा जागी बसवायला लागली, तेव्हा मला आत्याचीच आठवण झाली होती. पण खिडकीला जनेल म्हणतात तर मग खिडकी कशाला म्हणतात, हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. इथे कोणी ध चा मा केलेला नव्हता. शब्द जसाच्या तसा रत्नागिरीहून निघाला आणि इथे पोचल्यावर दार झाला. मला तर थोडा अभिमानच वाटला. एका जिल्ह्याच्या आत एवढी गंमत करून दाखवणारी भाषा आहे आमची.

मी आत्याला सगळं उलगडून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि हसता हसता खाली बसली. “मेल्यानो, मगे जनेल म्हणूक काय झाला होता?” मी बायकोकडे वळून म्हटलं, झालं ना आता? मिटलं. चला.

बायको हसली नव्हती. ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. “नाही मिटलं,” ती म्हणाली. “दार नव्हतं, खिडकी होती, कळलं मला. पण लावली ना तिने बाहेरून? आत्याबाई, जनेल बाहेरून लावली तर त्याचा अर्थ काय?”

ती असं विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण बरोबर होतं तिचं. पोर बाहेर उभी राहून घराची खिडकी लावून घेते, यात आईला बोचण्यासारखं जे होतं ते दाराची खिडकी झाल्याने जात नव्हतं. आत्याचं हसणं थांबलं. तिने पायरीशी पडलेला एक हीर उचलून बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग तिने नेहमीसारखी उकल सांगितली नाही. मुलीकडे बघून विचारलं, “कित्याक लावलंस गो?”

खिडकी का लावली, हे विचारायचं आम्हांला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. खिडकी उघडी की बंद, आतून की बाहेरून, एवढंच आम्ही घोकत बसलो होतो.

मुलीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “सांगितलं तर आई घाबरेल.”

“घाबरायचं ते घाबरून झालं माझं,” बायको म्हणाली. “बोल.”

“तू आत निजली होतीस.”

आमच्यात हे सांगत नाहीत. स्वप्नात जवळचं माणूस आडवं दिसलं तर ते तोंडावर बोलू नये, गुपचूप वाहत्या पाण्याला सांगून मोकळं व्हावं, असा आत्याचाच नियम. म्हणून पोरीने ते गिळलं होतं आणि उरलेलं स्वप्न सहज म्हणून सांगितलं होतं.

“काही वाईट नव्हतं गं आई, नुसती झोपली होतीस,” ती घाईने म्हणाली. “पण पावसाची झड सुटली होती. पाणी थेट तुझ्या उशीपर्यंत येत होतं आणि तुला काही जाग येईना. मी बाहेर अंगणात होते, सगळी भिजलेली. वळसा घालून आत यायचं म्हणजे तू भिजली असतीस. म्हणून झडपा लोटल्या आणि बाहेरूनच लावून घेतलं. घट्ट दाबून धरून उभी होते. तेवढ्यात जाग आली.”

आत्या माझ्या बायकोजवळ सरकून बसली.

“सूनबाय, ह्या सपनाचो अर्थ माझ्याकडे नाय,” ती म्हणाली. “माझ्याकडे येतत त्यो बायको जनेलीच्या आतसून बघतत. घोव बोटीवरसून येता काय, झील येता काय. तू बघलंस, मीय बघलंय. भायर रवान झड अडवणारा चेडू माका पयलाच गावला. ता घर बंद करूक नाय जाणा. भायर रवान घर राखणारा आसा ता. धाड तिका.”

बाहेर राहून घर राखणारं चेडू, म्हणजे मुलगी. माझ्या बापाने, चुलत्यांनी आणि मी जन्मभर जे केलं त्याला आजवर लोक नोकरी म्हणत आले, आम्हीसुद्धा तेच म्हणत आलो. घरापासून लांब राहिलो याची बोच मनात धरली, आणि त्या बाहेर राहण्यानेच घर कोरडं ठेवलं हे कोणी असं समोर बसून म्हटलं नव्हतं. आणि ते माझ्या पोरीकडे बघून म्हटलं गेलं, जिने अजून बोटीवर पाय ठेवलेला नाही. तिथे उभ्या उभ्या मला इतका अभिमान वाटला की लपवायला मी विहिरीकडे जाऊन पाणी किती आहे ते बघत बसलो.

परत आलो तेव्हा बायको उठून साडी झटकत होती. मुलीचे केस कानामागे सारत तिने एकदा तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्यावर डाफरली.

“उभे काय राहिलात? परतीची गाडी कधी आहे ते बघा. बाजार बंद व्हायच्या आत रत्नागिरीला पोचायला हवं. हिच्याकडे धड एक स्वेटर नाही, तिकडे थंडीत ही काय घालणार?”